रेणूवर नापास करणारा मास्तर

मोताळा तालुक्यातल्या आमच्या धामणगाव बढेसारख्या गावातून बी. फार्म.ला गेलेलं पोरगं औषधाच्या दुकानातच बसणार, असं घरचे गृहीत धरतात. मेडिसिनल केमिस्ट्री शिकवणारे प्राध्यापक मात्र औषध मुळात कसं शोधतात, तेच सांगतात.

महाराष्ट्रातलं यातलं मोठं नाव म्हणजे प्रा. व्ही. एम. कुलकर्णी. मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटी या संस्थेत, पुढे पुण्याच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीत ते होते. संगणकावर औषधाचा रेणू रचणं हा त्यांचा प्रांत.

मेडिसिनल केमिस्ट्रीच्या वर्गात हमखास येतो तो लिपिन्स्की या संशोधकाचा 1997 चा नियम. गोळी पोटातून रक्तात शिरायची तर रेणुभार साधारण 500 च्या आत हवा, हायड्रोजन बंधाचे दाते 5 पर्यंत, स्वीकारक 10 पर्यंत आणि तेलात विरघळण्याचा निर्देशांक, लॉग पी, 5 पर्यंत. पॅरासिटामॉल घ्या: भार 151, दाते 2, स्वीकारक 3. आरामात पास! सायक्लोस्पोरिन या औषधाचा भार मात्र 1200 च्या घरात, तरी ते तोंडावाटे चालतं. माझ्या मते खरं शिकवणं अशा अपवादांपाशीच सुरू होतं. नियम काय, कुठलंही गाईड पाठ करून देतं.

कॉम्प्युटरवर रेणू शरीरातल्या हव्या त्या प्रथिनात चपखल बसला म्हणजे औषध झालं, असं नाही. तो बनवायचा, पेशींवर तपासायचा, मग प्राण्यांवर. बहुतेक रेणू तिथेच गळतात.