मोटारसायकलची सर्व्हिसिंग : बिलातला पैसा कुठे जातो?

गावोगाव पाव-बटर पोचविणारा, आठवडी बाजाराला कापडाचे गठ्ठे घेऊन जाणारा, हत्यारांची पिशवी अडकवून कामावर निघणारा प्लंबर किंवा सुतार, अशा अनेक छोट्या व्यावसायिकांचे दुकान मोटारसायकलवरच असते. गाडी बंद तर धंदा बंद. तरीही सर्व्हिसिंगचे बिल हातात पडले की कुरकुर सुरू होते, "नुसते ऑईल बदलले आणि एवढे पैसे?" दुसरीकडे गॅरेज चालविणाऱ्या बांधवांची तक्रार असते की, दिवसभर हात काळे करूनही महिनाअखेर गल्ल्यात काही उरत नाही. दोघांच्याही तक्रारीत तथ्य आहे. त्याचे मूळ बिलाच्या मांडणीत आहे.

बिलाचे तीन भाग

सर्व्हिसिंगच्या खर्चाचे तीन भाग पडतात : ऑईल, सुटे भाग आणि मजुरी.

पहिला भाग ऑईलचा. १०० सी.सी.च्या गाडीला साधारण एक लिटर किंवा त्याहून थोडे कमी ऑईल लागते. फोर स्ट्रोक मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा या सर्वांना बहुधा एकच ऑईल पुरते. म्हणूनच मोटारीचे ऑईल मोटारसायकलमध्ये टाकू नये. त्याने क्लच घसरू शकतो. गिअरच्या गाडीसाठी डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' ही खूण पाहावी. सुटे ऑईल स्वस्त मिळते, पण त्याचा दर्जा कोणालाच कळत नाही. ऑईल निकामी झाले की रिंग, पिस्टन आणि बोअर झिजतात. मग इंजिन खोलावे लागते. तो खर्च सर्व्हिसिंगच्या कित्येक पट असतो आणि गाडी बंद राहिल्याने बुडालेला धंदा वेगळाच.

दुसरा भाग सुट्या भागांचा. प्लग, एअर फिल्टर, ब्रेक लायनर, क्लच वायर, चेन-स्प्रॉकेट हे भाग झिजतात, परंतु ते प्रत्येक वेळी बदलावे लागत नाहीत. फोमचा फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, कागदी मात्र बदलावा लागतो. वेष्टणावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. बदललेला जुना भाग गिऱ्हाईकाच्या हाती परत द्यावा. झीज डोळ्यांनी दिसली की शंका उरत नाही.

तिसरा भाग मजुरीचा. खरा घोटाळा येथेच होतो.

मजुरीचा हिशेब

उदाहरणादाखल एका लहान गॅरेजचा महिन्याचा खर्च धरू. भाडे ६,००० रुपये, हेल्परचा पगार १०,०००, वीज आणि कॉम्प्रेसर १,५००, पाने-हत्यारांची झीज, ग्रीस, धुण्याचे डिझेल मिळून १,५००, आणि उस्तादाच्या घरखर्चाला २०,०००. एकूण ३९,००० रुपये. महिन्याला २६ दिवस, रोज ५ गाड्या, म्हणजे १३० गाड्या. भागाकार केला तर एका गाडीमागे ३०० रुपये मजुरी पडते. शेजारच्या दुकानाशी चढाओढ म्हणून उस्ताद मजुरी २०० सांगतो. गाडीमागे १०० याप्रमाणे महिन्याला १३,००० रुपये कमी पडले. ते कोठून येणार?

येथूनच गैरप्रकाराला वाट मिळते. चांगला प्लग बदलला जातो, हलक्या प्रतीचा लायनर अस्सल म्हणून लागतो, नाही तर काम अर्धवट सुटते. टॅपेट गार इंजिनावरच बसवायचे असते. ते गाडी गार होण्याआधीच उरकले जाते. मजुरीत १०० रुपये वाचविले असे गिऱ्हाईकाला वाटते, पण तेच पैसे तो दुसऱ्या दाराने देतो, आणि गाडीही बिघडवून घेतो. यात उस्तादाचाही तोटा आहे. एकदा विश्वास गेला की गिऱ्हाईक तर जातेच, शिवाय चार जणांना सांगते.

म्हणून मजुरी उघड आणि पुरेशी घ्यावी. कोणत्या कामाची किती, याचा फलक दुकानात लावावा. साध्या वहीवर का होईना, ऑईल, भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून द्यावी. ऑईलचा डबा गिऱ्हाईकासमोर फोडावा.

कराचा आणि नव्या गाड्यांचा प्रश्न

कंपनीच्या अधिकृत केंद्रातील बिल मोठे दिसते, त्यात कराचाही वाटा असतो. दुरुस्तीच्या मजुरीवर १८ टक्के जी.एस.टी. लागतो. दुचाकीच्या सुट्या भागांवर २०१७ पासून २८ टक्के दर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या लहान गॅरेजला सहसा नोंदणीची सक्ती नाही. मात्र नोंदणी नसलेल्या दुकानाने बिलात जी.एस.टी. लावता कामा नये. नव्या गाडीच्या 'मोफत' सर्व्हिसिंगमध्ये सहसा मजुरीच माफ असते, ऑईलचे पैसे द्यावेच लागतात. तरीही वॉरंटी संपेपर्यंत अधिकृत केंद्रात जाणेच हिताचे.

एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ नियम आल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. त्यातील बिघाड शोधण्यास स्कॅनर लागतो. ज्या उस्तादांनी कार्बोरेटरवर उभे आयुष्य काढले, त्यांनी आपल्या शागीर्दांना हे काम शिकविले नाही, तर पुढील काळात त्यांच्याकडे केवळ जुन्या गाड्या उरतील. स्कॅनर आणि शिक्षण यांचा खर्चही मजुरीतूनच निघणार आहे, हे गिऱ्हाईकानेही समजून घ्यावे.

गाडी देताना

काय दुखते ते नीट सांगावे. मजुरी आधी ठरवावी. सांगितल्याखेरीज कोणताही भाग बदलू नये, असे बजावून ठेवावे. शक्य तर गाडी सकाळी इंजिन गार असताना द्यावी. ऑईल कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला बदलले, हे वहीत टिपावे. आणि घासाघीस करायचीच असेल तर भागांच्या किमतीची चौकशी करावी. मेहनतीच्या पैशात नको. दुकानदाराला आपल्या मालाची वाजवी किंमत मिळावी असे वाटते, तसेच गॅरेजवाल्यालाही आपल्या कष्टांबाबत वाटत असते.