जॅम पातळ राहतो? जिलेटिन नको, आधी हे तपासा

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी बाजारात आली की आपल्याकडे अनेक घरांत जॅम होतो. काही भगिनी तो बाटल्यांत भरून विकतातही. पण दुसऱ्या दिवशी बाटली उघडावी तर आत सरबत! फळं, साखर, गॅस, मेहनत, सगळंच वाया गेल्यासारखं वाटतं. मग कुणीतरी सुचवतं, "थोडं जिलेटिन घाल." जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं. ते हलाल असल्याची खात्री नसेल तर आपल्याला चालत नाही. मुळात जॅमला त्याची गरजच नसते.

जॅम घट्ट होतो तो पेक्टिनमुळे. हा पदार्थ फळातच असतो. पण तो एकट्याने काम करत नाही, त्याला आंबटपणा आणि पुरेशी साखर लागते. तिघांपैकी एक जरी कमी पडलं तरी जॅम वाहतो.

पेरू, कैरी, आवळा, कवठ यांत पेक्टिन भरपूर असतं. स्ट्रॉबेरी, अननस, पिकलेला आंबा यांत कमी. फळ जास्त पिकलं की पेक्टिन आणखी घटतं. म्हणून स्वस्तात मिळालेली मऊ फळं जॅमला बरी, हा समज चुकीचा आहे. चार भागांत एक भाग जरा कच्ची फळं घ्या. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून फळांबरोबर उकळल्या तर त्यांचंही पेक्टिन उतरतं. शेवटी पुरचुंडी पिळून काढून टाका.

प्रमाण असं ठेवा: १ किलो स्ट्रॉबेरी, ७५० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात आधी फळं मऊ शिजवा, मगच साखर आणि लिंबाचा रस घाला. साखर विरघळली की आच मोठी करा आणि ढवळत राहा. मंद आचेवर तासन्‌तास रटरटत ठेवलं तर पेक्टिन तुटतं, रंगही काळपट होतो. म्हणून एका वेळी एक-दोन किलोच करा.

साखर उगाच कमी करू नका. तयार जॅममध्ये साखरेसह विरघळलेले घटक ६५ टक्क्यांच्या आसपास हवेत. त्याहून कमी असतील तर जॅम सैल राहतो आणि बुरशीही लवकर धरते.

झाला की नाही, हे कसं ओळखायचं? रिकामं पातेलं आधीच वजन करून ठेवा. वरच्या प्रमाणात जॅम साधारण सव्वा किलो उरला की झाला. थर्मामीटर असेल तर मुंबई-रत्नागिरीत १०५ अंश सेल्सिअस पाहा. महाबळेश्वरसारख्या उंचीवर पाणीच कमी तापमानाला उकळतं, म्हणून तिथे हा आकडा ४-५ अंशांनी खाली येतो. दोन्ही साधनं नसतील तर बशी फ्रीजरमध्ये गार करा, तिच्यावर थेंब टाका, मिनिटभराने बोटाने सरकवा. वर सुरकुत्या पडल्या की गॅस बंद. ही परीक्षा घेतानाही गॅस बंदच ठेवा, नाहीतर तेवढ्यात जॅम जास्त शिजतो.

गरम जॅम पातळच दिसतो, त्यामुळे घाबरू नका. उकळून कोरड्या केलेल्या बाटल्यांत भरा आणि एक दिवस हलवू नका. तरीही घट्ट झाला नाही तर पुन्हा पातेल्यात ओता, एका लिंबाचा रस घाला आणि मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं उकळून बशीची परीक्षा घ्या. बहुतेक वेळा एवढ्यात काम होतं.

शेवटचा उपाय म्हणून पेक्टिन पावडर वापरता येते. ती सफरचंदाच्या चोथ्यापासून किंवा लिंबूवर्गीय फळांच्या सालींपासून बनते. चायना ग्रासही समुद्री शेवाळाचं, म्हणजे वनस्पतीजन्यच. फक्त त्याने पोत जेलीसारखा होतो, जॅमसारखा नाही. आणि तेवढं करूनही जॅम पातळच राहिला तर फ्रीजमध्ये ठेवा. दुधात, फालुद्यात किंवा इफ्तारच्या सरबतात तो मजेत संपतो.