गोल बंगळुरूत, ओरडा कसब्यात

कसबा पेठेत राहणाऱ्या पन्नाशीच्या बाईला फुटबॉलचं वेड आहे म्हटलं की लोक आधी गमतीने बघतात आणि मग विचारतात, "मेस्सी की रोनाल्डो?" मी सांगते, विशाल कैथ. संभाषण तिथेच संपतं. हिमाचलमधला हा गोलकीपर एफसी पुणे सिटीकडून खेळायचा. २०१८च्या मार्चमध्ये पुण्याचा हा संघ इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत पहिल्यांदाच पोचला, त्याच्याशी त्याचा बराच संबंध होता.

उपांत्य फेरी दोन सामन्यांची होती, एक आपल्या मैदानावर आणि एक समोरच्याच्या. दोन्हींतले गोल मिळवून निकाल लागणार होता. ७ मार्चला बालेवाडीत बंगळुरू एफसीविरुद्ध शून्य-शून्य झालं. साखळीत बंगळुरू पहिलं होतं, आपण चौथे. त्यामुळे पाहुण्यांना आपण एकही गोल करू दिला नाही म्हणून काही जण खूश होते. मी नव्हते. घरी गोल झाला नाही, म्हणजे आता सगळं ओझं घेऊन परक्या मैदानात जायचं. ११ मार्चला, रविवारी रात्री, श्री कंठीरवा स्टेडियमवर.

बंगळुरू आठशेहून जास्त किलोमीटर. माझं जाणं शक्यच नव्हतं. तांबट आळीजवळ आमचा लहानसा छापखाना आहे आणि पाडवा बरोबर आठवड्यावर आला होता. शोभायात्रेची पत्रकं, नव्या दुकानांच्या उद्घाटनाची निमंत्रणं, सगळं त्याच आठवड्यात हवं असतं. म्हणून खाली निमंत्रणं पाकिटात भरत मोबाइलवर मॅच बघायची, असं मी ठरवलं. वरच्या मजल्यावर पुतण्या टीव्हीला चिकटला होता.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण दुरून मॅच बघणाऱ्याचं निम्मं सुखदुःख तिच्यावर ठरतं. "थेट प्रक्षेपण" सगळ्यांना एकाच वेळी दिसत नाही. मैदानावरचं चित्र उपग्रहाकडे जातं आणि खाली येतं. उपग्रह जवळपास छत्तीस हजार किलोमीटर उंच असला तरी या फेरीला पाव सेकंदच लागतो. त्यानंतर वाहिनीचं ऑफिस, केबलवाल्याचं यंत्र, घरातला सेट-टॉप बॉक्स, प्रत्येक जण आपापले एक-दोन सेकंद खातो. मोबाइलचं त्याहून वाईट. तिथे चित्राचे काही-काही सेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा कमी-जास्त स्पष्टतेच्या आवृत्त्यांत तयार करतात, आणि मध्येच चित्र अडकू नये म्हणून फोन दोन-तीन तुकडे आधी साठवून मगच पहिला दाखवतो. एवढं होईपर्यंत टीव्ही अर्धं मिनिट पुढे गेलेला असतो.

जुन्या वाड्यात जमिनी लाकडी. वरचं सगळं खाली ऐकू येतं. पंधराव्या मिनिटाच्या सुमाराला वरून पुतण्याचा जो "अरे!" आला, त्यात काही शंका उरली नाही. माझ्या फोनवर मात्र चेंडू अजून मधल्या पट्ट्यात होता आणि आपला बचाव नीट उभा दिसत होता. काय होणार ते कळलंय, कसं ते कळलेलं नाही, अशी ती वीस-पंचवीस सेकंदं. मग बंगळुरूच्या सुनील छेत्रीचं हेडर गेलं जाळ्यात. १-०.

"काकू, वर या ना," पुतण्याने जिन्यातून हाक मारली. मी गेले नाही. पाकिटं होती हे एक कारण. खरं कारण असं, की वाईट बातमी दोन हप्त्यांत आलेली मला परवडते.

कंठीरवाच्या पश्चिमेकडच्या स्टँडमध्ये बंगळुरूचे पाठीराखे बसतात. वेस्ट ब्लॉक ब्लूज म्हणतात त्यांना. नव्वद मिनिटं त्यांचा आवाज थांबत नाही, आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधूनही तो छातीवर बसतो. या आवाजाने खरंच फरक पडतो का, हा वाद जुना. २०२०च्या साथीने त्याचं उत्तर जवळजवळ प्रयोगशाळेत काढून दिलं. १६ मे २०२०ला जर्मनीची लीग रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली, मागोमाग युरोपातल्या इतर मोठ्या लीगही. प्रेक्षक नाहीत म्हटल्यावर यजमानांचे विजय घटले, आणि पाहुण्यांना मिळणारी पिवळी कार्डंही कमी झाली. म्हणजे गर्दीचा परिणाम खेळाडूंवर होतोच, शिट्टी फुंकणाऱ्यावरही होतो. पुण्याच्या क्रिकेटवेड्यांना हे पटत नाही. त्यांचा सगळा जोर खेळपट्टीवर.

उत्तरार्धात, पासष्टाव्या मिनिटाला, वरून आरोळी आली, "पेनल्टी!" कुणाला, हे तो बोलला नाही. त्या अर्ध्या मिनिटात मी पुण्याला पेनल्टी मिळवून दिली, गोल करून घेतला आणि बरोबरीही साधली. मग फोनवर छेत्री चेंडू जागेवर ठेवताना दिसला. २-०.

ब्याऐंशीव्या मिनिटाला पुण्याच्या जोनातन लुक्काने फ्री किकवर गोल केला आणि वर उड्या सुरू झाल्या. छताची माती पाकिटांवर पडली. एक गोल आणखी, आणि सामना बरोबरीत! पण तो आला नाही. एकोणनव्वदाव्या मिनिटाला छेत्रीने तिसरा घातला. वर काहीच आवाज झाला नाही, म्हणून तेवढा एक गोल मी सगळ्यांसारखा, आधी न कळता पाहिला. ३-१. आठवड्याभरात, १७ मार्चला, त्याच मैदानावर अंतिम सामन्यात चेन्नईयनने बंगळुरूला ३-२ हरवलं. मी बघितलं, आणि बरं वाटलं हे लपवत नाही.

उपांत्य सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पेठेत पुण्याच्या पराभवाचा विषय कुणी काढला नाही. सोमवारी कोलंबोत भारत-श्रीलंका टी-ट्वेंटी होती. मध्य पुण्यासाठी आपला फुटबॉल क्लब हा कायमच थोडा परगावचा होता. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, तेही शहराच्या पार टोकाला. रात्री मॅच सुटल्यावर कसब्यात परतायचं म्हणजे रिक्षावाल्याची मनधरणी. आता पेठेच्या पोटातून मेट्रो जाते, कसबा पेठ नावाचं स्टेशनही २०२४च्या सप्टेंबरात सुरू झालं. क्लब मात्र उरलेला नाही.

तोच एक नव्हे. २००७ साली पुणे एफसी निघाला. आय-लीगमध्ये २०१२-१३ला तो दुसरा आला, २०१४ला एएफसी कप खेळायला हाँगकाँग, सिंगापूर, म्यानमारपर्यंत गेला. त्याचे सगळेच सामने टीव्हीवर नसायचे. बाहेरगावची मॅच असली की आम्ही ट्विटरवर ओळी वाचत बसायचो. सदुसष्टाव्या मिनिटानंतर एकदम चौऱ्याहत्तरावं यायचं, आणि मधल्या सात मिनिटांत काय झालं असेल या विचाराने जीव टांगणीला. त्यापुढे मोबाइलचं अर्धं मिनिट म्हणजे चैन. हा क्लब २०१५ला बंद झाला. त्याच वर्षी भारत एफसी एक हंगाम खेळून गेला. डीएसके शिवाजीयन्स २०१७पर्यंत टिकला. २०१९ला एफसी पुणे सिटीने गाशा गुंडाळला आणि लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या क्लबला गेली.

त्या हैदराबादने २० मार्च २०२२ला गोव्यात, फातोर्ड्याला, केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून करंडक जिंकला. त्या संघात पुण्याच्या शेवटच्या हंगामातला निखिल पुजारी होता, कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. पुतण्या म्हणाला, "काकू, एका अर्थाने आपणच जिंकलो." मला तसं मुळीच वाटलं नाही. खेळाडू जिंकले, त्यांचं कौतुक. पण जागा विकत घेता येते, पाठीराखे त्या व्यवहारात येत नाहीत.

कोल्हापुरात असं होऊ शकत नाही. तिथले संघ तालमींचे आणि तरुण मंडळांचे: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. छत्रपती शाहू स्टेडियमवर पेठ विरुद्ध पेठ मॅच असली की गॅलरी भरते. कधीकधी हाणामारीही होते, ते वाईटच. पण हंगाम तोट्यात गेला म्हणून पाटाकडील तालीम उचलून कुणी दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही. जर्मनीतही मोजके अपवाद सोडले तर क्लबची निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हाती राहतील असा नियम आहे, आणि बार्सिलोनाचे मालक तर तिचे वर्गणीदार सभासदच. कोल्हापूरकरांना यासाठी नियम करावा लागला नाही एवढंच.

पुण्याचे चारही क्लब उद्योगसमूहांनी काढले आणि त्यांचं गणित बिघडलं तेव्हा मिटले. त्यांनी पैसा घातला, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण पाचवा क्लब काढायचं कुणाच्या मनात असेल, तर आधी गावात सभासद करा. सार्वजनिक कामाला वर्गणी द्यायची सवय या पेठेला सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. फुटबॉललाही देतील, कुरकुरत देतील, पण देतील. पावतीपुस्तकं आम्ही छापून देऊ. निम्मे पैसे आगाऊ लागतील.