घसरणे सोपे, थांबणे अवघड

पावसाळ्यात पारसिकचा डोंगर उतरताना एकदाही घसरला नाही, असा कळव्यातला मुलगा शोधून सापडणार नाही. पाय पुढे जातात, पाठ मागे राहते आणि आपण चिखलात बसलेले असतो. आता गंमत पाहा. जगात असेही लोक आहेत, की जे पैसे भरून, पायांना दीड-दीड मीटर लांबीच्या गुळगुळीत पट्ट्या बांधून, मुद्दाम घसरण्यासाठी डोंगरावर जातात. त्या पट्ट्यांना स्की म्हणतात आणि त्या खेळाला स्कीइंग.

सिनेमातले स्कीइंग बहुधा आल्प्स पर्वतातले असते. त्यामुळे हा खेळ शिकायचा तर स्वित्झर्लंडच गाठले पाहिजे, असे पुष्कळांना वाटते. पण पहिला धडा ज्या उतारावर गिरवायचा तो शाळेच्या मैदानापेक्षा थोडासाच अधिक कललेला असतो. तसा उतार श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर गुलमर्गला आहे आणि उत्तराखंडात औलीलाही आहे. गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग शिकवणारी संस्था आहे. काश्मीरच्या याच उतारांवर लहानपणी शिकलेला आरिफ खान २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला आणि जायंट स्लॅलम शर्यतीत ४५वा आला. तेव्हा आपण बेत आखू तो गुलमर्गचा.

बॅग भरण्याआधी थोडे गणित करू. समजा, उतार १०० मीटर लांब आहे आणि तेवढ्यात तो १० मीटर खाली येतो. १० मीटर म्हणजे साधारण तीन मजली इमारतीची उंची. घर्षण मुळीच नसेल, तर तळाशी तुमचा वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर होईल. प्रत्यक्षात थोडे घर्षण असते. घर्षणांक ०.०५ धरला, तर १० पैकी ५ मीटरांची ऊर्जा घर्षण खाऊन टाकते. तरीही तळाशी वेग उरतो ताशी सुमारे ३५ किलोमीटर! हवेचा विरोध आपण सोडून दिला आहे. पण नवशिक्याची छाती धडधडायला एवढे पुरे. या हिशेबात वस्तुमान कुठेच येत नाही, हेही लक्षात घ्या. ४० किलोचा विद्यार्थी आणि ८० किलोचे सर, दोघांचीही फजिती सारखीच.

घर्षण इतके कमी का? जुन्या पुस्तकांत याचे उत्तर ठरलेले असे: दाबामुळे बर्फ वितळतो आणि पाण्याचा पातळ थर तयार होतो. हे उत्तर तपासून पाहू. ५० किलो वजनाच्या मुलाच्या दोन्ही स्कींचे क्षेत्रफळ सुमारे २,४०० चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम पन्नासावा हिस्सा. एक वातावरण दाब वाढला, तर बर्फाचा वितळणबिंदू ०.००७४ अंशाने उतरतो. मग आपल्या स्कीमुळे तो किती उतरेल? एका अंशाच्या सहा-सात हजाराव्या भागाइतका! हिम शून्याखाली ५ अंशांवर असेल, तर त्याला याची दखलही घ्यावी लागणार नाही. स्की तर दाब वाढवण्याऐवजी पसरवते. म्हणूनच बुटांनी गुडघाभर रुतणारा माणूस स्कीवर तरंगल्यासारखा चालतो.

१९३९ साली बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी आल्प्समधल्या युंगफ्राउयोखला प्रयोग केले आणि घर्षणातून निर्माण होणारी उष्णताच बर्फाचा पृष्ठभाग वितळवते, असे दाखवले. ही उष्णता पुरते का? आपला ५० किलोचा मुलगा १० मीटर उतरला, की ४,९०० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ती सगळी शून्य अंशाचा बर्फ वितळवण्यात गेली, तरी पाणी होईल केवळ १५ ग्रॅम. पण दोन्ही स्कींच्या १०० मीटर लांब मार्गावर ते पसरले, तर मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाइतका थर होतो, आणि निसरडेपणाला तेवढा बस होतो. शिवाय बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात. फॅरेडेला याची शंका १८५० सालीच आली होती. या विषयावर अजूनही वाद चालू आहेत. दाबाचे उत्तर मात्र परीक्षेत लिहिण्यापूर्वी शिक्षकांशी बोला.

घरी करून पाहा. सपाट तळाच्या स्टीलच्या ताटात बर्फाचा खडा आणि खोडरबर शेजारी शेजारी ठेवा. ताटाची एक कड हळूहळू उचला. आधी कोण घसरते? घसरते त्या क्षणी उचललेल्या कडेची उंची मोजा आणि तिला ताटाच्या आडव्या अंतराने भागा. तो झाला त्या वस्तूचा घर्षणांक.

आता थांबायचे कसे? स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवायची, गुडघे किंचित आत घ्यायचे. स्कींच्या आतल्या कडा हिमात रुततात आणि नांगरासारखे हिम बाजूला सारू लागतात. या पवित्र्याचे नावच 'स्नोप्लाऊ', म्हणजे हिमाचा नांगर. पहिले दोन दिवस एवढेच शिकायचे असते. भीती वाटली, की आपण पारसिकवर झुकतो तसे मागे झुकतो आणि तिथेच सगळे बिघडते. वजन टाचांवर गेले, की स्कीची पुढची बाजू हलकी होते आणि ऐकेनाशी होते. नडग्या बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेल्या हव्यात. याला धैर्य लागते, कारण तोंड उताराकडे असते!

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. पडताना स्की हिमात अडकली, तर ती लांब तरफेसारखी गुडघा पिळते. म्हणून बूट स्कीला अशा चापाने जोडलेला असतो, की ठरावीक जोर आला की तो सुटतो. हा जोर तुमचे वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून ठरवतात. तेव्हा स्की भाड्याने घेताना खरे वजन सांगा. लाजून कमी सांगाल, तर चाप उगाच सुटेल. फुशारकीने जास्त सांगाल, तर हवा तेव्हा सुटणार नाही.

जायचे केव्हा, हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत बिकट. हंगाम जानेवारी ते मार्च. त्याच दिवसांत आपल्या सराव परीक्षा, आणि दहावीची परीक्षाही फेब्रुवारी-मार्चमध्ये. मे महिन्याच्या सुट्टीत या उतारांवर गवत असते. म्हणून हा बेत दहावीच्या वर्षी नको. दुसरे असे, की पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांनी दगा दिला, तर हिवाळ्यातही हिम नसते. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बराच काळ कोरडे होते आणि तिथल्या हिवाळी क्रीडास्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. तिकिटे काढण्यापूर्वी हिमाची चौकशी करा. नंतर भरपूर हिम पडले, की वेगळीच सावधगिरी हवी. त्याच वर्षी फेब्रुवारीत गुलमर्गला हिमलोट कोसळून एक परदेशी स्कीपटू दगावला. आखलेला उतार सोडून नवशिक्याने कुठेही जायचे नाही, प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

कळवा खाडीकाठी, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब आपल्या इथल्यापेक्षा चौथ्या हिश्शाहून अधिक कमी असतो. पहिला दिवस धावपळ नको. ताजे हिम सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकते, म्हणून गडद चष्मा हवाच. सुती गंजी मात्र घरीच ठेवा. घामाने ती ओली होते आणि पाणी हवेच्या सुमारे २४ पट उष्णता वाहून नेते. अंगाला लागून लोकरीचा कपडा, वर स्वेटर आणि त्यावर वारा-पाणी अडवणारे जाकीट घाला. निघण्याआधी महिनाभर कळवा स्टेशनचा पूल रोज दोनदा चढा-उतरा. उतरताना मांड्या दुखतील, त्याच मांड्या तिथे कामी येणार आहेत.

आणि पडणार तर तुम्ही आहातच. वेग हाताबाहेर गेला, तर खाली बसकण मारू नका. कुशीवर, डोंगराच्या बाजूला पडा. मग लगेच उठायची घाई करू नका. स्की उताराच्या दिशेला असतील, तर उभे राहताच त्या पुन्हा पळतील. आधी पडल्या पडल्याच दोन्ही स्की उताराला आडव्या करा, कडा हिमात रुतवा आणि मग उठा.