विमानात बसण्यापूर्वी एकदा दवाखान्यात या

विमानप्रवास ही एके काळी मुंबईच्या मोठ्या लोकांची गोष्ट समजली जाई. आता तसे राहिलेले नाही. जळगावचा विमानतळ २०१२ साली झाला, २०१७ च्या डिसेंबरात ‘उडान’ योजनेखाली तेथून मुंबईचे विमान सुरू झाले आणि २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद, पुण्याचीही विमाने उडू लागली. मुलगा बंगळूरला, मुलगी अमेरिकेत, अशी घरे आपल्या धरणगावातही आहेत. साठी-सत्तरीची मंडळी प्रथमच विमानात बसतात आणि परतल्यावर दवाखान्यात येऊन विचारतात, “डॉक्टरसाहेब, कान का दुखले? पोट का फुगले? पाय का सुजले?”

या बहुतेक प्रश्नांचे मूळ एकाच गोष्टीत आहे. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवरून जाते. आत हवेचा दाब वाढवलेला असतो, पण तो जमिनीवरच्याइतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितकाच असतो. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट आहे. म्हणजे विमानातला प्रवासी कळसूबाईपेक्षाही उंच जागी तासन् तास बसलेला असतो. तेथे प्राणवायू थोडा कमी मिळतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, पण ज्याचे हृदय किंवा फुफ्फुस आधीच थकले आहे त्याला जाणवू शकते.

कान का दुखतात?

कानाच्या पडद्यामागील पोकळीतून एक बारीक नळी घशात उघडते. विमान उतरताना बाहेरचा दाब वाढतो. ही नळी उघडली नाही तर पडदा आत ओढला जातो व ठणका लागतो. गिळताना, जांभई देताना नळी उघडते. म्हणून उतरताना झोपू नये. गोळी चघळावी, घोट घोट पाणी प्यावे. तान्ह्या बाळाला त्या वेळी अंगावर पाजावे. सर्दीने नाक चोंदले असेल तर उतरण्याच्या अर्धा तास आधी नाकात घालायचे थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. सर्दी फारच असेल तर प्रवास पुढे ढकललेला बरा.

पोट का फुगते?

दाब कमी झाला की वायू पसरतो. पोटातील वायू तेथे सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. निघण्यापूर्वी तिखट शेवभाजी आणि उडदाची डाळ पोटभर खाल्ली तर दोष विमानाचा नाही! हलके जेवावे.

पाय का सुजतात?

एका जागी पाय लोंबकळत ठेवून बसल्याने सूज येते. ती बहुधा दुसऱ्या दिवशी उतरते. क्वचित मात्र पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते. चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले; निरोगी माणसात मात्र तो सहा हजारांत एक इतकाच आहे. हे बस-मोटारीलाही लागू आहे. तासा-दोन तासांनी चार पावले चालावे, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करावेत. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली तर घरी थांबू नये. ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ आपल्या मनाने घेऊ नये.

गोळी चुकवू नका

माझे एक रुग्ण, निवृत्त गुरुजी. हृदय अशक्त, लघवी होण्याची गोळी रोजची. जागा मिळाली खिडकीकडची. दोघांना उठवून शौचालयाला जायचा संकोच, म्हणून त्यांनी दोन दिवस गोळीच घेतली नाही. विमानात धाप लागली. उतरल्यावर त्यांना थेट रुग्णालयात न्यावे लागले. ते बरे झाले, पण वाटेकडची जागा मागून घेतली असती तर एवढे घडलेच नसते. पाणीही बंद करू नये. विमानातील हवा फार कोरडी असते.

मधुमेहींनी इन्शुलिन व गोळ्या हातातील पिशवीतच ठेवाव्यात. सामानात दिलेली बॅग हरवू शकते, आणि सामानाच्या कप्प्यातील थंडीने इन्शुलिन गोठून निकामी होऊ शकते. सोबत औषधाची चिठ्ठी ठेवावी. विमानाला उशीर झाल्यास ठरावीक तासांनंतर कंपनीने खाणे द्यावे असा नियम आहे. पण साखर घड्याळ पाहून थांबत नाही. बिस्किटे, फुटाणे जवळ असू द्यावेत. परदेशी जाताना घड्याळ बदलते, तेव्हा इन्शुलिनच्या वेळा आधी लिहून घ्याव्यात.

कोणी विचारल्याशिवाय जाऊ नये?

हृदयविकाराचा झटका आल्यावर निदान सात ते दहा दिवस, पोट उघडून शस्त्रक्रिया झाल्यावर दहा दिवस, प्लास्टर घातल्यावर ४८ तास विमान टाळावे. गुंतागुंत असल्यास अधिक. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत वायू भरला असेल तर तो पूर्ण जिरेपर्यंत विमानात बसूच नये. वायू पसरून दृष्टी जाऊ शकते. गर्भवतींना अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बहुतेक कंपन्या दाखला मागतात. दम्याचा जोर असेल, रक्त फार कमी असेल तर आधी तपासणी करावी. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. कमी प्राणवायूने त्यांच्या वेदना उसळू शकतात. नुकताच असा झटका येऊन गेला असेल तर जाऊ नये. फक्त वाहक असणाऱ्यांना सहसा त्रास होत नाही.

“कंपनीला आजार सांगितला तर चढू देणार नाहीत,” या भीतीने अनेक जण तो लपवतात. वास्तविक कळवल्याने चाकाची खुर्ची मिळते, प्राणवायूची सोय होऊ शकते. ही खुर्ची ४८ तास आधी मागावी. घरचा प्राणवायूचा सिलिंडर विमानात नेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

काही मंडळी निघण्याच्या आदल्या रात्री ‘प्रवासास योग्य’ असा दाखला मागायला येतात. तपासल्यावाचून तो देता येत नाही, आणि काही आढळले तर उपचाराला वेळ उरत नाही. म्हणून प्रवासाच्या निदान आठ-दहा दिवस आधी जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.