चौकटीस वाचा कशी फुटते?

गेल्या दिवाळीच्या सुटींत घरांतील मुलांकरितां संस्कृत शब्दरूपांची एक प्रश्नमाला संगणकावर तयार करण्याचें आम्हीं मनावर घेतलें. साधन पॉवरपॉइंट. १९८७ सालीं प्रथम निघालेलें हें साधन बहुधा वक्त्यानें चित्रें दाखवावीं व सभेनें तीं मुकाट्यानें पाहावीं, याच कामीं येतें. परंतु विद्यार्थ्यानें पाहिलें म्हणजे तो शिकला असें होत नाहीं, हें वर्गांत आयुष्य घालविलेल्या माणसास निराळें सांगावयास नको.

पानावरील चौकटीवर किंवा चित्रावर टिचकी मारतांच त्यानें कांहीं उत्तर द्यावें, अशी सोय या साधनांत आहे. नुसतें दुसऱ्या पानावर जावयाचें असेल तर 'ॲक्शन'ची साधी योजना पुरते. चित्र प्रकट करावयाचें असेल तर ॲनिमेशनचा 'ट्रिगर' पुरतो. पण उत्तर तपासणें, चुका मोजणें, तदनुसार रंग पालटणें यांस 'मॅक्रो' लागतो. मॅक्रो म्हणजे व्हीबीए नांवाच्या भाषेंत लिहिलेली आज्ञावली होय. पॉवरपॉइंट ९७ या आवृत्तीपासून ही भाषा त्यांत आहे.

विंडोजवर आल्ट व एफ ११ या कळा एकत्र दाबल्या कीं लिहिण्याची खिडकी उघडते. तींत नवें 'मॉड्यूल' घालून मॅक्रो लिहावा. मग चौकट निवडून 'इन्सर्ट'मधील 'ॲक्शन' येथें 'रन मॅक्रो'खालीं त्याचें नांव निवडावें. नवशिका आठ चौकटींकरितां आठ मॅक्रो लिहितो. त्याची गरज नाहीं. मॅक्रोच्या नांवापुढील कंसांत 'शेप' जातीचें एकच चल ठेविलें, म्हणजे जिच्यावर टिचकी पडली तीच चौकट त्या चलांत येऊन उभी राहते. पाणिनीचें एक सूत्र असंख्य शब्दांस लागावें, तसा एकच मॅक्रो सर्वांस पुरतो. चौकटींस नांवें मात्र 'सिलेक्शन पेन'मध्यें आपण द्यावीं, व तींही रोमन अक्षरांत. कारण मॅक्रोच्या खिडकींत देवनागरी सहसा नीट उमटत नाहीं. योग्य उत्तराच्या चौकटीच्या नांवांत आम्हीं एक खूण घातली. खूण आढळली तर हिरवा रंग, न आढळली तर लाल, एवढाच आमचा मॅक्रो.

पहिल्याच दिवशीं फजिती झाली. 'रामाभ्याम्' या रूपाची विभक्ति कोणती, असा प्रश्न होता. आमच्या धाकट्या बंधूंच्या नातीनें 'चतुर्थी'वर टिचकी मारली. चौकट लाल झाली, भावंडें हसलीं, मुलगी हिरमुसली. थोड्या वेळानें ती हळूच म्हणाली, "आजोबा, चतुर्थीसुद्धां होते ना?" होतेच! तृतीया, चतुर्थी व पंचमी या तिन्ही विभक्तींचें द्विवचन तेंच. खूण मात्र आम्हीं एकट्या तृतीयेस दिली होती. वर्गांत अशी चूक झाली असती तर मुलीचा चेहरा पाहून आम्ही थांबलों असतों. मॅक्रोस चेहरा दिसत नाहीं. आम्हीं सर्वांसमक्ष चूक कबूल केली आणि उरलेल्या दोन्ही चौकटींस खूण दिली.

दुसऱ्या दिवशीं प्रश्नमाला उघडली, तों कालच्या लाल चौकटी तशाच! मॅक्रोनें पालटलेला रंग खेळ संपला तरी जात नाहीं, आणि आम्हीं तर फाईल जतन केली होती. एकाची चूक दुसऱ्यास दिसूं नये, म्हणून आरंभींच्या पानावर सर्व रंग पूर्ववत् करणारा दुसरा मॅक्रो जोडला. कोऱ्या जागीं टिचकी पडली कीं पान पुढें सरकत असे; तेंही 'ट्रान्झिशन्स'मधील 'ऑन माऊस क्लिक'ची खूण काढून थांबविलें.

ही फाईल 'पीपीटीएम' या प्रकारांत जतन करावी; 'पीपीटीएक्स' प्रकारांत मॅक्रो राहत नाहींत. मोबाईलवर ते चालत नाहींत, हेंही ध्यानांत असावें. आणखी एक इशारा: १९९९ मध्यें 'मेलिसा' नांवाचा उपद्रवी मॅक्रो वर्डच्या फाईलींतून व ई-मेलांतून जगभर पसरला. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्ट आपण होऊन अडवूं लागली, तें यथायोग्यच. अनोळखी माणसाची फाईल आली तर मॅक्रोस परवानगी देऊं नये.

आमच्या घरीं आतां असा नियम आहे कीं, नवा प्रश्न मुलांपुढें जाण्यापूर्वीं तो त्या नातीनें तपासावा. गेल्या महिन्यांत तिनें आमच्या आणखी दोन चुका काढल्या.