माप न घेता बेतलेला फ्रॉक

सुती कापडाचा नेहमीचा पन्हा ४४ इंचांचा. पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या छातीचा घेर २३-२४ इंच. मधल्या वीस इंचांचं काय करायचं, या एका प्रश्नावर शिवणकामाने किती उत्तरं काढली! कात्रीने उडवा, टक्स घाला, चुण्या घालून पट्टीत बसवा, नाडी ओवा. उन्हाळी फ्रॉकसाठी यातलं सगळ्यात आळशी आणि माझ्या मते सगळ्यात हुशार उत्तर म्हणजे रबरी दोरा. बॉबिनमध्ये साध्या दोऱ्याऐवजी इलॅस्टिकचा बारीक दोरा भरायचा आणि कापडाच्या वरच्या भागात एकाखाली एक आडव्या टिपा मारत जायच्या. कापड आपसूक आकसतं. चेन नको, काज-बटण नको, मुंढा-गळा कोरायला नको. एक उभी शिवण, खाली दुमड, खांद्यावर दोन बंद, आणि फ्रॉक तयार.

आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवून घेतात, म्हणजे जूनमध्ये ढगळ आणि मार्चमध्ये तोकडा. रबरी टिपांचा फ्रॉक ही कटकट ठेवत नाही. छाती दोन इंचांनी वाढली तर तो दोन इंचांनी सैलावतो. उंची वाढली की त्याचाच टॉप होतो.

कपडा अंगाबरोबर ताणला जावा ही हौस रबरापेक्षा जुनी आहे. इंग्लंडमधले शेतमजूर आणि गाडीवान अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जाड लिननचा ढगळ स्मॉक घालत. त्याच्या छातीवर आणि बाह्यांवर बारीक चुण्या घालून त्या भरतकामाच्या टाक्यांनी बांधलेल्या असत. चुण्या हातोड्यासाठी, फावड्यासाठी हात उचलू देत आणि नंतर जागेवर येत. १८८४ साली लंडनच्या लिबर्टी दुकानाने ई. डब्ल्यू. गॉडविन या वास्तुरचनाकाराच्या देखरेखीखाली पोशाखांचा विभाग काढला, तेव्हा हा शेतकरी टाका कॉर्सेटला कंटाळलेल्या शहरी बायकांच्या अंगावर आला. केट ग्रीनअवेच्या चित्रांमुळे तो मुलांच्या फ्रॉकवर पक्का बसला. तिथून शिवणक्लासातल्या हनीकोंब नमुन्यांपर्यंतचा प्रवास आपल्या आई-आज्यांनी पाहिलेला आहे. आज बाजारात रबरी टिपांच्या कापडालाही सरसकट स्मॉकिंगच म्हणतात. पण हाताच्या स्मॉकिंगमध्ये एका मुलीच्या फ्रॉकला कित्येक दुपारी जातात. रबरी टिपांना एक पुरते.

हे काम घरोघरच्या साध्या मशीनवर होतं, कारण तिचा टाका दोन दोऱ्यांचा. सुईचा वरून येतो, बॉबिनचा खालून, आणि दोघांची आढी कापडाच्या जाडीत पडते. एलियस हाव याने अमेरिकेत १८४६ साली पेटंट घेतलं ते याच टाक्याचं. खालचा दोरा बॉबिन केसच्या पोलादी पट्टीखालून येताना तिथे अडतो, आणि रबरी असेल तर ताणला जातो. ताणलेल्या अवस्थेतच तो टाक्यात अडकतो. कापड मशीनखालून सुटलं की तो मूळ लांबीवर यायला बघतो आणि कापडाला बरोबर ओढतो. सगळी करामत एवढीच.

म्हणून बॉबिन मशीनवर न भरता हाताने, न ओढता, एकसारखी गुंडाळायची. मशीनवर भरली तर दोरा आधीच ताणून बसतो, तोही कुठे जास्त, कुठे कमी. सुईत साधा दोरा, टाका मोठा, साडेतीन-चार मिलिमीटरचा. कापडाची सुलट बाजू वर, म्हणजे रबर आतल्या बाजूला राहतं. वरची कड आधी दुमडून घ्यायची. दोन टिपांत पाऊण ते एक सेंटीमीटर अंतर; प्रेसर फूटची कड मागच्या टिपेवरून चालवली की पट्टीने आखत बसावं लागत नाही. दुसऱ्या टिपेपासून मात्र दोन्ही हातांनी कापड ताणून सपाट करत शिवायचं, नाहीतर आधीच्या चुण्या नव्या टिपेत चिमटतात. टिपेच्या दोन्ही टोकांना गाठी माराव्यात आणि मगच बाजूची शिवण घालावी.

पहिल्या टिपेनंतर कापड जेमतेम सुरकुततं. नवशिके इथेच धीर सोडतात. चार-पाच टिपा झाल्यावर फरक दिसू लागतो, कारण प्रत्येक दोरा आपल्या परीने ओढतो आणि ओढ साठत जाते. तरीही कापड सुस्तच राहिलं तर बॉबिन केसवरचा छोटा स्क्रू पाव फेरा घट्ट करून चिंधीवर टीप मारून बघावी. या कामासाठी वेगळी बॉबिन केस ठेवलेली बरी. एकदा पिळलेला स्क्रू पूर्वीच्या जागी आणणं हे घरातल्या भांडणांचं कारण होऊ शकतं. कापड पातळच हवं: मलमल, व्हॉइल, कँब्रिक. मोठ्या बाईच्या ३६ इंची छातीला दीडपट ते दुप्पट, म्हणजे ५४ ते ७२ इंच घेर लागतो. जाड कापड दीडपटीलाच हट्ट धरून बसतं, मलमल दुपटीलाही खुशाल गोळा होते.

शेवटची पायरी वाफेची. इस्त्री टेकवायची नाही, टिपांवर बोटभर उंच धरून वाफ सोडायची. कापड डोळ्यांदेखत आणखी आवळतं. उष्णतेने वस्तू पसरतात असं शाळेत शिकलेल्याला हे विचित्रच वाटायला हवं. वाफेने सुताचा ताठरपणा मोडतो आणि चुण्या बसतात, हा झाला एक भाग. दुसरा रबराचा स्वभाव, आणि तो पहिल्यांदा नीट टिपला एका अंध माणसाने.

जॉन गफ इंग्लंडमधल्या केंडल गावचा. लहानपणी देवीच्या आजारात त्याची दृष्टी गेली. अणुसिद्धान्ताचा जॉन डाल्टन तरुणपणी याच्याकडे गणित शिकला. गफने रबराची पट्टी ओठांना लावून झटकन ताणली, तेव्हा ती कोमट लागली. सैल सोडली, तेव्हा गार. मग त्याने पट्टीला वजन टांगून तिला ऊब दिली, तर ती लांबायच्या ऐवजी आखडली. १८०५ साली मँचेस्टरच्या साहित्य-तत्त्वज्ञान सभेच्या ग्रंथात हे छापून आलं. अर्ध्या शतकानंतर जेम्स जूलने मोजमापं घेऊन त्याची खात्री केली. कारण कळायला विसावं शतक उजाडावं लागलं: रबराचे लांबलचक रेणू ताणले की सरळ रांगेत येतात, आणि उष्णता मिळाली की त्यांची वळवळ वाढून ते पुन्हा गुंतू पाहतात. इस्त्रीखाली चाललेलं असतं ते हेच.

कपड्यात ताणणारं रबर आणण्याचं एक जुनं पेटंट टॉमस हॅनकॉकचं, लंडन, १८२०. हातमोजे, पायमोजे, जोडे यांना तो रबराच्या पट्ट्या लावत असे. कच्चं रबर थंडीत लाकडासारखं आणि उन्हात चिकट. गंधक घालून तापवल्यावर ते शहाणं होतं, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९ साली सापडलं, पण इंग्लंडमधलं पेटंट १८४३ साली हॅनकॉकनेच नोंदवलं. तरी दोरा हा दोरा नव्हता. रबराच्या पातळ पत्र्यातून कापलेली चौकोनी काडी होती. शिलाईजोगा गोल, बारीक, लांबच लांब दोरा मिळाला तो द्रव चिकापासून. चीक काचेच्या बारीक नळ्यांतून ॲसेटिक आम्लाच्या हौदात सोडतात, तिथे तो गोठतो, मग धुवून, वाळवून पक्का करतात. १९३१ साली युनायटेड स्टेट्स रबर कंपनीने अशा गाभ्यावर सूत किंवा रेशीम गुंडाळलेला 'लॅस्टेक्स' बाजारात आणला. पोहण्याच्या पोशाखांनी तो लगेच उचलला.

मग युद्ध. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं, मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेले, आणि ब्रिटन-अमेरिकेचं रबर तुटलं. जे उरलं ते टायरांना. फ्रॉकच्या चुण्यांना कोण विचारतो? आजही रबराचा मोठा वाटा टायरांकडेच जातो. दोडामार्ग-सावंतवाडीकडे केरळमधून आलेल्या शेतकऱ्यांनी लावलेल्या रबराच्या बागा आहेत. तिथल्या चिकाच्या लाद्याही बहुतेक त्याच वाटेने जातात.

रबरी टिपांची ताजी लाट न्यूयॉर्कच्या हिल हाउस होम या कंपनीच्या 'नॅप ड्रेस'ने आणली. २०१९ साली तो आला आणि पुढच्या वर्षी टाळेबंदीत धडाक्याने खपला. घरात बसून, घालून न बघता कपडे मागवणाऱ्या जगाला मापात न चुकणारा कपडा हवाच होता. बाळंतिणीला, अंगावर पाजणाऱ्या आईलाही तो सोयीचा. पण फॅशनच्या लेखांत एक हिशेब येत नाही: शिंप्याचं कौशल्य काढून दोऱ्यावर टाकलं, की कपड्याचं आयुष्यही दोऱ्याच्या आयुष्याइतकंच उरतं. मलमल दहा वर्षं टिकेल, रबर नाही. हवेतला ऑक्सिजन त्याचे रेणू तोडतो, ओझोन नेमका ताणलेल्या रबराला चिरा पाडतो. ऊन, क्लोरीनचं ब्लीच, तापलेली इस्त्री आणि तेल ही बाकीची मंडळी. असे फ्रॉक सावलीत वाळवावेत आणि चोळून तेल लावलेल्या बाळाला लगेच घालू नयेत.

कारखान्यातलं काम आणि घरचं काम इथे वेगळं पडतं. कारखान्यात डझनभर किंवा त्याहून जास्त सुयांची मशीन एका दमात सगळ्या टिपा मारते, तीही साखळी टाक्याने. तो टाका टोकाला पक्का केला नसेल तर एक दोरा ओढताच सगळी रांग उसवते. मीटरवर मिळणारं तयार चुण्यांचं कापड घेतलं तर कापण्याआधीच कडेला दोन उभ्या टिपा मारून घ्याव्यात. दोन दोऱ्यांच्या टाक्यात इतकी घाई नसते. मेलेला रबरी दोरा उलट बाजूने ठिकठिकाणी कापला की वरचा दोरा ओढून निघतो. मग कापड धुवून सपाट इस्त्री करायचं. जुन्या सुईची भोकं रांगेने दिसतात, त्यांवरूनच नव्या टिपा माराव्या, म्हणजे आखायचं काम वाचतं. रबरी दोऱ्याचं एक रीळ मात्र मोठ्या फ्रॉकला पुरेलच असं नाही. दोन आणून ठेवावीत.